आमच्या गावातली अनुदानाची कामं: एका गवंड्याचा अभिप्राय

आधी गुण सांगून टाकतो. चावडीपुढची फरसबंदी दहापैकी चार, स्मशानभूमीची भिंत सहा, गायरानाचा चर नऊ. माझी उभी हयात थापी आणि ओळंबा हातात घेऊन गेली, त्यामुळे रंगावर आणि फलकावर मी गुण देत नाही. फलक तिन्हीकडे झकास आहेत.

चावडीपुढे लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवलेत, साठ एमएमचे. नुसती माणसं आणि मोटारसायकली असत्या तर साठ चालला असता. पण इथं भरलेल्या ट्रॉल्या वळतात, तिथं ऐंशीचा हवा होता. तरी माझी मुख्य तक्रार ब्लॉकच्या जाडीची नाहीच, कडेची आहे. तीन बाजूंना कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवणारी कडेची उभी पट्टी, आहे आणि गटाराच्या बाजूला नुसता सिमेंटचा हात फिरवलाय. पहिल्याच पावसात ब्लॉकखालची कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, त्या बाजूनं गटारात गेली. आता गटाराजवळच्या तिसऱ्या ओळीत एका कोपऱ्यावर पाय ठेवा, दुसरा कोपरा वर येतो आणि फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी थेट धोतरावर. काम चालू असतानाच मुकादमाला म्हटलं होतं, "बाबा, या बाजूला कर्ब घाल." तो म्हणाला, "अंदाजपत्रकात नाय आबा." ग्रामपंचायतीत अर्ज करून अंदाजपत्रक पाहिलं, तर कर्बची लांबी चारही बाजूंची धरलेली! दोष दायित्वाची मुदत, म्हणजे कामातला दोष ठेकेदारानं स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, संपायच्या आत हे लेखी कळवलं तर ठेकेदाराची अनामत अडकलेली असते, तो येऊन करून देतो. मुदत गेली की मग आपणच फावडं घ्यायचं.

तिथल्याच बाकांबद्दल फार लिहीत नाही. पश्चिमेकडं तोंड, वर सावली नाही. दुपारभर तापतात. माणसं आजही वडाच्या पारावरच बसतात.

स्मशानभूमीची भिंत जनसुविधा योजनेच्या पैशातून झाली. ओढ्याच्या बाजूनं दगडी बांधकाम आहे, आणि ते चांगलं आहे. कोपऱ्याला ओळंबा सोडून पाहिला, भिंत सुताला सूत. कोपिंगला, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या थराला, दोन्हीकडं उतार दिलाय, पाणी वर साचत नाही. मागच्या भरावाचं पाणी बाहेर यावं म्हणून पाइपचे तुकडेही टाकलेत. फक्त त्यांच्या मागं खडी भरलेली नाही, थेट माती लोटलीय. काही भोकं आत्ताच चिखलानं बुजलीत. भिंत पाण्यानं पडत नाही, अडलेल्या पाण्यानं पडते, हे गवंड्याच्या पोरालाही माहीत असतं.

आणि ते फाटक! आत उघडतं, आत जमीन चढती, त्यामुळं अर्ध्यावर घासून अडकतं. तिरडी खांद्यावर असलेल्या माणसांनी फाटक लाथेनं लोटायचं का? दोन गुण मी तिथंच कापले.

आता गायरान. इथं सिमेंटची एक पाटीही लागली नाही, आणि काम सगळ्यात उजवं झालं. कारण आधी मोजणी झाली. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं, त्यातून घरांच्या मिळकतपत्रिका आल्या. पण गायरान गावठाणाबाहेर. म्हणून भूमी अभिलेख खात्याकडं हद्द कायम करायच्या मोजणीची फी भरली, शेजारच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या, ते बांधावर हजर राहिले, त्यांच्यासमोर खुणा झाल्या, दगड रोवले. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आल्यावरच रोजगार हमीतून चर खणला. माती आतल्या बाजूला टाकली, म्हणजे बाहेरून येणाऱ्या गुराला आधी खड्डा आणि मग बांध लागतो. बांधावर घायपात. पुढं-मागं कुणी हद्द सरकवायची म्हटली, तर दगड हलवावा लागेल, चर बुजवावा लागेल आणि घायपातीचे काटेही सोसावे लागतील.

एक गुण का कापला? शेळ्या घेऊन जाणाऱ्यांना वाट आधी ठेवलीच नव्हती. भांडण झाल्यावर ठेवली. ती ओढ्याकडून आहे, म्हणजे धनगरवस्तीला मोठा वळसा पडतो.

काहीजण विचारतात, गटाराला पैसे येतात मग कुंपणाला का नाही? पंधराव्या वित्त आयोगाच्या, २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के बंधित होते. ते स्वच्छता आणि पिण्याच्या पाण्यावरच खर्चायचे. उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांतून गावाच्या बाकीच्या गरजा, आणि त्यातून पगार काढायचा नाही. त्यामुळं कुंपणासाठी चार दारं हिंडावी लागतात, आणि प्रत्येक दाराचा फलक वेगळा.

शाळेच्या मैदानाला तारेचं कुंपण करायचं आता घाटतंय. अँगल रोवायच्या आधी मोजणीची फी भरा, फाटक बाहेर उघडणारं करा आणि पोरांच्या येण्याजाण्याची वाट नकाशावरच दाखवा, एवढं मी ग्रामसभेत मांडलं. सगळे हो म्हणाले. ठरावाच्या वहीत ते उतरलंय का, ते मात्र सोमवारी जाऊन बघणार आहे.