ब्रोसेलो फीत : मुलांचे वजन करायला वेळ नसतो तेव्हा

भूकंप, पूर किंवा आगीनंतर अपघात विभागात एकाच वेळी अनेक जखमी येतात, तेव्हा त्यांतील काही मुलांसोबत वय वा वजन सांगणारे कोणीच नसते आणि बेशुद्ध मुलाला काट्यावर ठेवण्याइतकी उसंतही नसते. जेम्स ब्रोसेलो आणि रॉबर्ट ल्युटन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली ही रंगीत फीत अशा वेळी फार मोलाची ठरते.

मुलाला उताणे झोपवून फितीचे लाल टोक डोक्याशी धरायचे आणि टाच ज्या रंगाच्या पट्ट्यावर येईल तेथे छापलेले अंदाजे वजन, औषधांचे डोस व श्वासनलिकेतील नळीचा आकार वाचायचा. साधारण ३ ते ३६ किलोपर्यंतच्या मुलांना ती चालते. तिचा खरा लाभ डोक्यातील आकडेमोड टळण्यात आहे : हृदय थांबलेल्या १४ किलोच्या मुलाला अ‍ॅड्रिनॅलीन अवघे ०.१४ मिलिग्रॅम लागते, आणि गडबडीत दशांशचिन्ह एक घर सरकले तरी डोस दहापट होतो. मुलांवर क्वचितच उपचार करणाऱ्या परिचारिकेला या छापील आकड्याचा आधार किती वाटतो, हे प्रशिक्षणात स्पष्ट दिसते.

आपल्याकडे मात्र ती डोळे झाकून वापरू नये. भारतीय मुलांवरील २००८च्या अभ्यासात १० किलोखालील मुलांचे वजन तिने जवळपास अचूक सांगितले, पण त्याहून मोठ्या मुलांचे १० टक्क्यांहून अधिक जास्त दाखवले. मेळघाट किंवा नंदुरबारसारख्या कुपोषणग्रस्त भागात ही तफावत आणखी वाढण्याची शक्यता गृहीत धरायला हवी. म्हणून फितीवरील वजनात किती घट धरायची ही दुरुस्ती रुग्णालयाने बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधीच ठरवून लेखी लावून ठेवावी. आणीबाणीत तो निर्णय एकट्या परिचारिकेवर सोडणे अन्यायाचे आहे. नळीचा आकार उंचीशी निगडित असल्याने तेथे मात्र फितीचे मापच धरावे.

नुसती फीत विकत घेणे मला अपुरे वाटते. त्याच रंगांच्या कप्प्यांची ट्रॉली, प्रत्येक कप्प्यात त्या मापाचे मुखवटे व नळ्या आणि रात्रपाळीसह सर्वांचा नियमित सराव असेल, तरच तिचा वेग उपयोगी पडतो. फितीची नवी आवृत्ती आली की जुनी काढून टाकावी, कारण आवृत्तीगणिक छापील डोस बदलू शकतात. एवढी तयारी करणाऱ्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांना मी ही फीत निःसंकोच सुचवेन.