लाकडाचा गम: आठ महिने आणि एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

मार्चमध्ये चौरंग करायला घेतला तेव्हापासून चार-पाच प्रकारचे गम वापरून झाले, मधे चिपळूणचा पावसाळा पण होऊन गेला, म्हणून आता लिहितेय. दुकानात गेलं की सगळे विचारतात स्ट्राँग कुठला, पण वस्तू कुठे राहणार आणि सांधा किती घट्ट बसलाय हे आधी बघायला पाहिजे.

घरातल्या वस्तूंना साधा पांढरा गम, म्हणजे फेविकॉल एसएच वगैरे, बास आहे. त्यातलं पाणी लाकडात मुरतं आणि उडतं तसा तो धरतो, त्यामुळे दमट हवेत वेळ जास्त लागतो. मी क्लॅम्प रात्रभर ठेवते आणि पूर्ण एक दिवस त्यावर वजन देत नाही. चौरंग आठ महिन्यांनी पण जराही हलत नाहीये.

चूक केली ती गॅलरीतल्या कुंड्यांच्या स्टँडला. घरात एका पांढऱ्या गमाचा अर्धा डबा उरला होता म्हणून मे महिन्यात तोच लावला, आणि जुलैमध्ये खालच्या दोन पट्ट्या सांध्यातून सुटल्या, आतला गम परत पांढरा आणि मऊ झालेला, नखाने निघत होता. तो गम कोरड्या जागेसाठीच असतो, चूक माझी, पण महिन्याभराची मेहनत गेली याचं खूप वाईट वाटलं. आता डब्यावर डी ३ लिहिलंय का ते बघते. हे युरोपियन स्टँडर्डचे ग्रेड, डी १ कोरड्या जागेला आणि डी ४ सगळ्यात जास्त पाणी सोसणारा. ऑगस्टमध्ये पट्ट्या खरवडून, दोन आठवडे घरात पंख्याखाली सुकवून फेविकॉल मरीनने जोडल्या, त्यानंतरचा सगळा पाऊस स्टँडने बाहेरच काढला आणि सांधे घट्ट आहेत.

सागवानाचं वेगळंच. त्यात नैसर्गिक तेल असतं त्यामुळे गम नीट पकडत नाही. मी दोन तुकडे जोडून मुद्दाम तोडून बघितले, रंधा मारून आठवडाभर पडलेले तुकडे गमाच्या रेषेवरच सपाट सुटले, आणि ताजा रंधा मारून अ‍ॅसिटोनने पुसून लगेच जोडलेले तुटले तेव्हा लाकडाचे तंतू उपटून आले. लाकूड फाटलं म्हणजे सांधा चांगला, हे आमच्या वाडीतल्या सुतारकाकांनी शिकवलं. ते म्हणतात, "गमाला फट भरायला लावू नको गं, त्याला लाकूड जवळ लागतं." पांढऱ्या गमाला हे शंभर टक्के लागू आहे, जाड थर राहिला की सांधा कमजोर.

फट राहिलीच असेल तर अरल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी, ते आकसत नाही, भरून बसतं. दोन्ही भाग डब्यावर दिलेल्या मापानेच घ्या, आणि थोडं थोडंच कालवा, एकदम जास्त कालवलं की वाटीतच तापून घट्ट होतं. क्लॅम्प पण हलकाच लावायचा नाहीतर सगळं बाहेर येतं. महाग आहे, प्रत्येक कामाला परवडत नाही.

सनमायका चिकटवायचा रबरवाला गम फक्त सनमायकालाच, दोन्हीकडे लावून हाताला चिकटेनासा झाला की ठेवायचा, एकदा टेकला की सरकवता येत नाही. वजन पेलणाऱ्या सांध्याला तो नको. फेविक्विक मी फक्त उडालेली कपची बसवायला वापरते, धक्का लागला की तडकतो.

अजून एक, बाहेर आलेला पांढरा गम ओल्या फडक्याने पुसायची घाई करू नका, तो लाकडात भरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतात. रबरासारखा झाला की पटाशीने अलगद निघतो.

आता आजीच्या खुर्चीचा पाय सुटलाय. त्यात जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गम, आहे, कोमट ओला फडका ठेवला तर बाकीचा सांधा पण न तुटता उघडला, हे बघून एवढं बरं वाटलं! जुन्या सरसावर पांढरा गम नीट धरत नाही, सरसावर सरस मात्र बसतो, म्हणून खुर्ची सरसानेच जोडणार आहे. सरसाचे दाणे आणलेत, आज रात्री भिजत घालतेय.