आधी प्रस्तावना की आधी प्रश्न? हरिपूरच्या पेवांवरून

शोधनिबंधाला बसलं की पहिला अडसर हाच: प्रस्तावना आधी लिहायची, की संशोधन प्रश्न आधी ठरवायचे? सांगलीत विद्यार्थ्यांचे कच्चे मसुदे वाचताना मी दोन्ही वाटा पाहिल्यात. विषय समजा सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा घेतला.

आधी प्रस्तावना लिहिणारा बहुधा हळदीच्या महतीपासून सुरू करतो. आयुर्वेद येतो, सांगलीची बाजारपेठ येते, सांगलीच्या हळदीला मिळालेलं 2018 चं भौगोलिक मानांकन येतं. चार पानं भरतात. मग शेवटी सहा-सात प्रश्न चिकटवले जातात: 'पेवांचे महत्त्व काय?', 'पेवांचे भवितव्य काय?' याचं उत्तर कुणाला विचारून, काय तपासून मिळणार, हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. या वाटेचा फायदा एकच, पण खरा: विषयाचा सूर सापडला नसेल तर लिहिता लिहिता वाचलेलं डोक्यात बसतं.

प्रश्नापासून सुरू करणाऱ्याचा आठवडा एका ओळीत जातो आणि हाती काहीच नाही असं वाटतं. 'हरिपूरची पेवं का बंद पडली?' हा प्रश्न नेमका वाटतो, पण ती बंदच पडली हे त्यात गृहीत धरलंय. 'पुरानं पेवं कशी संपवली?' यात तर कारणही आधीच ठरून गेलं. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हे खरं. पण व्यापारी शीतगृहाकडे वळला असेल तर पुराच्या धास्तीनं, खर्चाच्या हिशेबानं, की मालावर कर्ज मिळावं म्हणून? म्हणून प्रश्न असा: 'हळद कुठे साठवायची हे ठरवताना हरिपूर-सांगलीचे व्यापारी 2005 च्या पुराला किती महत्त्व देतात आणि साठवणखर्चाला किती?'

एवढं ठरलं की कुणाला भेटायचं तेही ठरतं: पेवमालक, अडते, आणि पेवात उतरून हळद काढणारे हमाल. मुलं नेमकं हमालांनाच विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं. प्रस्तावनाही दोन पानांत आटपते: पेव म्हणजे काय, आजवर काय लिहिलं गेलं, कोणती बाजू राहिली, म्हणून हा प्रश्न. आयुर्वेद आपोआप गळतो.

विषय पक्का असेल तर प्रश्न आधी, यात मला शंका नाही. नसेल, तर प्रस्तावना खुशाल लिहा. मात्र ती स्वतःसाठीची टिपणं समजा आणि प्रश्न सापडल्यावर कोऱ्या कागदावर नव्यानं लिहा.