कोटेशनमध्ये स्टॅक, रॅकमध्ये पॅचकॉर्ड

जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलचं नेटवर्क नव्याने टाकायचं ठरलं तेव्हा शेठजींची अट एकच होती: वजनकाटा, बिलिंग आणि कॅमेरे एकदम चालले तरी काही अडकायला नको. एका स्थानिक विक्रेत्याने २४ पोर्टच्या, म्हणजे २४ वायरी लागतील अशा, चार स्विचचं (संगणक, कॅमेरे एकमेकांना जोडणारे डबे) कोटेशन दिलं. त्यात स्टॅक मॉड्यूल आणि स्टॅक केबल (स्विच एकत्र बांधायचा खास जोड आणि त्याची वायर) यांच्या वेगळ्या ओळी होत्या, किमतीसकट. "चार मिळून एकच स्विच होईल भो, मधला बंद पडला तरी बाकीचे चालू," असं तो सांगत होता. नीट केलेल्या स्टॅकबद्दल हे खरंच आहे. म्हणून तर जास्तीचे पैसे मोजले.

बसवून झालं, मोठा हप्ता गेला आणि मग बिल आलं. त्यात ओळीच नाहीत. "नेटवर्किंग साहित्य, १ लॉट."

तुरीची आवक वाढली तशी कुरकुर सुरू झाली. संध्याकाळी बॅकअप लागला की काट्यावरची पावती निघेना, ड्रायव्हर खिडकीशी ताटकळत. रॅक उघडला तर चारही स्विच पुढच्या साध्या पोर्टांतून पॅचकॉर्डने, म्हणजे नेटवर्कच्या साध्या छोट्या वायरीने, जोडलेले, पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. प्रत्येकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वेगळा, म्हणजे स्टॅक झालाच नव्हता. मागे तिघांच्या मॉड्यूलच्या खाचेवर पत्र्याची झाकणं तशीच, आणि चौथ्याला खाचच नाही.

याचा परिणाम सांगतो. सर्व्हर पहिल्या स्विचवर. म्हणजे पुढच्या तिन्ही स्विचचे ७२ पोर्ट सर्व्हरकडे येणार ते एका १ गिगाबिटच्या वायरीतून. दुसऱ्या स्विचची पिन काढून पाहिली, तर तिसरा आणि चौथा दोन्ही गेले, गोदामाचे कॅमेरे काळे.

विक्रेता म्हणाला, "शेवटच्यातून पहिल्यात एक वायर टाकतो, झाली रिंग." साध्या वायरीची रिंग केली की स्पॅनिंग ट्रीला (स्विचमधली रिंग तोडणारी सोय) त्यातली एक लिंक अडवून ठेवावी लागते, नाहीतर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना जाणारे संदेश, गोल गोल फिरून सगळं नेटवर्क ठप्प होतं. म्हणजे त्यातली एक लिंक फक्त राखीव, सगळ्या वायरींचा वेग एकत्र मिळत नाही. स्टॅकचं तसं नाही. उदाहरणार्थ सिस्कोच्या २९६०-एक्स मालिकेत मागच्या मॉड्यूलमधून ८० गिगाबिटपर्यंतची जोडणी मिळते आणि ८ स्विच एका आयपीवर चालतात. पण मॉड्यूल वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि त्याच मालिकेतल्या हलक्या, लॅन लाइट मॉडेलांना स्टॅक होतच नाही. दिसायला सगळे सारखेच.

चौथ्या स्विचची गंमत तर वेगळीच. तो बसवायचा होता अंगणापलीकडच्या गोदामात. अशा स्टॅक केबल अर्धा, एक आणि तीन मीटरच्या येतात. तरी त्याच्याही केबलचे पैसे कोटेशनात धरले होते! काही कंपन्यांचे स्विच १० गिगाबिटच्या पोर्टांतून फायबरवर लांब अंतरावरही स्टॅक होतात, पण ते मॉडेल त्याने दिलंच नव्हतं. सिरीयल नंबर कंपनीकडे तपासला तेव्हा हा चौथा आधीच दुसऱ्या कोणाला विकलेला निघाला, वॉरंटी कधीच संपलेली.

माझ्या मते आमच्यासारख्या मिलला स्टॅक लागतच नाही. एक चांगला मुख्य स्विच आणि त्यातून प्रत्येक स्विचला थेट दोन-दोन लिंक, एलएसीपीने (अनेक लिंक एक करून वापरायची पद्धत) बांधलेल्या, एवढ्यात काम भागतं. आता तसंच केलंय, गोदामापर्यंत फायबर टाकून, कारण तांब्याच्या वायरीला १०० मीटरची मर्यादा. विक्रेत्याने हे सुचवलं असतं तर त्यालाही काम मिळालं असतं. पण न दिलेल्या मॉड्यूलचे पैसे कुठून सुटले असते?

ग्राहक आयोगात जायचा विचार होता. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा जागा नाही. दिवाणी दावा करा, किंवा फसवणुकीची पोलीस तक्रार, जी १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली होते. तूर्त नोटीस गेली आहे आणि राहिलेला हप्ता आम्ही रोखलाय. फोन तो उचलत नाही.

मध्यंतरी पाचोऱ्याच्या एका जिनिंगवाल्या ओळखीच्यांनी त्याच माणसाचं कोटेशन मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. स्टॅक मॉड्यूलची ओळ आहे, पार्ट नंबर नाही. त्यांना कळवलं: स्विच, मॉड्यूल आणि केबल, तिन्हींचे पार्ट नंबर ऑर्डरमध्ये लिहून घ्या आणि सिरीयल नंबर बिलावर. पैसे देण्याआधी त्याला स्विचमध्ये लॉगिन करून स्टॅकच्या सदस्यांची यादी दाखवायला लावा. मग पिंग (जोडणी चालू आहे का ते सतत तपासणारी आज्ञा) चालू ठेवून एक स्टॅक केबल तुम्ही स्वतः उपसा. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, पार्ट नंबर मागितल्यावर कोटेशनचा आकडा आपोआप खाली आला म्हणे.