छर्रे तोलून निवडावेत का? मिलिग्रॅमच्या काट्यासोबत आठ महिने

काडतूस घरी भरायचं आणि त्याचं तोंड क्रिंप करायचं (दाबून आवळायचं) की नाही, हा आपल्याकडे छंदाचा नाही, परवान्याचा विषय आहे. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. पण 10 मीटर एअर रायफल मारणाऱ्यांच्या घरात त्याच जातीचा एक प्रश्न नेहमी असतो: .177 इंची (4.5 मिलिमीटरचे) छर्रे एकेक तोलून वेगळे करावेत का? सांगलीत जून ते जानेवारी असा आठ महिने हा उद्योग नेटाने केल्यावरचा हा हिशेब.

काटा 20 ग्रॅम क्षमतेचा, 0.001 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दाखवतो म्हणजे तितका खरा असतो असं मात्र नाही. तोच छर्रा पाच वेळा ठेवला की शेवटचा आकडा दोन-तीन मिलिग्रॅमने हलतो. त्यामुळे एकेका मिलिग्रॅमच्या वाट्या मांडणं व्यर्थ. 5 मिलिग्रॅमचे गट पुरेत. पंखा बंद हवा, खिडकीही. काटा सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, मग वजन ठेवून कॅलिब्रेट करायचा आणि दर वीस छर्‍यांनी शून्य बघायचं. सेल उतरायला लागले की शून्य सरकतं आणि चांगल्या छर्‍यांचा गट उगाच बदलतो. सोबत येणाऱ्या वजनावर भरवसा नसेल तर सराफ कट्ट्यावर ओळखीच्या पेढीत सोन्याच्या काट्यावर ते ठेवून बघावं. सांगलीकरांना ही सोय दाराशी आहे. चिमटा प्लास्टिकच्या टोकाचा घ्या. स्टीलच्या चिमट्याने स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, चेपतो, मग तोलून उपयोग काय?

एका छर्‍याला दहा-बारा सेकंद धरले तरी 500 ची डबी संपायला दीड तासाच्या आसपास जातो. या दीड तासाचं फळ किती, ते आकड्यांतच बघू.

मॅचचा जड छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा, वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. 10 मीटर जायला त्याला 0.059 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो जवळपास 17 मिलिमीटर खाली येतो. वजन 0.01 ग्रॅमने, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढलं आणि ऊर्जा तीच धरली, तर वेग एक टक्क्याने घटतो आणि छर्रा सुमारे 0.34 मिलिमीटर खाली लागतो. टार्गेटवर 0.1 गुण म्हणजे 0.25 मिलिमीटर. चांगल्या डबीत फरक याच्या निम्माच निघतो, म्हणजे 0.17 मिलिमीटर, दशांश गुणही नाही. शिवाय चुकांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. सरासरी 10.3 गुण मारणाऱ्याचा छर्रा मध्यापासून पावणेदोन मिलिमीटरवर पडत असेल, तर त्यात हे 0.17 मिसळून फरक पडतो एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. म्हणून मॅचच्या डबीतले छर्रे तोलायचं आता बंद केलं आहे, आणि त्याची खंत नाही.

स्वस्त सरावाच्या छर्‍यांची गोष्ट वेगळी. तिथे 0.03 ग्रॅमने चुकलेला एखादा छर्रा सापडतो आणि तो एकटा मिलिमीटरभर, म्हणजे चार दशांश खातो. असे टोकाचे बाजूला काढायला काटा खरंच कामाचा. गट पाडायचे नाहीत, फक्त फार हलके आणि फार जड काढून टाकायचे.

खरा घात स्कर्ट करतो. छर्‍याची मागची पातळ कड हवेच्या दाबाने फुगून नळीत घट्ट बसते. ती एका बाजूला चेपली असेल तर हवा तिथून निसटते आणि छर्रा तोंडातून बाहेर पडतानाच कलतो. फ्लायरचा, म्हणजे एकट्या भरकटलेल्या छर्र्याचा, दोष लोक स्वतःच्या ट्रिगरला देतात, आणि तो निघतो या कडेचा. बघायची रीत सोपी आहे. आरशाची काच किंचित उतरती ठेवा आणि छर्रा आडवा घरंगळू द्या. स्कर्ट डोक्यापेक्षा रुंद असल्याने चांगला छर्रा सफाईदार कमान घेत वळतो. चेपलेला मध्येच अडखळतो, हेलकावतो, कधी थांबतो. हात बसला की शंभर छर्रे पाच-सात मिनिटांत होतात. डबी उंचावरून पडली असेल तर ही तपासणी टाळूच नका. खिशात सुटे छर्रे ठेवणाऱ्यांना तर कळकळीची विनंती: नका ठेवू.

दुसरं, डोक्याचं माप. मॅचच्या डब्यांवर 4.49, 4.50, 4.51 असं मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. तुमच्या नळीला कुठलं रुचेल हे कागदावरून कळत नाही, मारूनच कळतं. प्रत्येक मापाची एक डबी घ्या, रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा, जाड कार्डावर दहा-दहाचे तीन ग्रुप (एकाच नेमावर मारलेले छर्रे) मारा. पातळ कागद फाटतो आणि माप खोटं येतं. व्हर्नियरने बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून छर्र्याची जाडी, 4.5 मिलिमीटर, वजा करा. पाचाच्या ग्रुपवर निकाल देऊ नका. पाच छर्रे योगायोगानेही एकत्र पडतात. माप ठरलं की त्याच लॉट नंबरच्या (एकाच खेपेत बनलेल्या) चार-पाच डब्या एकदम उचला, कारण माप तेच असूनही लॉट बदलला की ग्रुप बदलतो. पॅरिसला 2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ज्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या .22 रिमफायर काडतुसांच्या खेळातही लॉटची पारख हाच मुख्य मार्ग असतो.

शिसं आहे हे विसरू नका. काटा, काच, ताटली यांतलं काहीच परत स्वयंपाकघरात जाऊ नये, काम ओट्यावर करू नये, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावू नये. लहान मूल असलेल्या घरात तर डबी कुलपात.

कृष्णाकाठचा जुलै-ऑगस्ट छर्‍यांना सोसत नाही. उघड्या डबीत पांढरी भुकटी धरते. असे छर्रे घासून वापरायचे नाहीत, त्या भुकटीत शिसं असतं आणि ते श्वासातून जातं. डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ती झाकणबंद बरणीत ठेवली, की पावसाळा निभावतो.