हायब्रिड घ्यायची? आधी तुमचा रस्ता सांगा

शोरूममध्ये मारुती ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडपुढे (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली, काही वेळ नुसत्या मोटरवरही चालणारी गाडी) लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा दिसतो आणि गाडी बघायला गेलेला माणूस तिथंच निम्मा तयार होतो. आकडा खोटा नाही. पण ज्या सरकारी चाचणीतून तो येतो, तिच्यात गाडीचा कमाल वेग ताशी ९० आणि सरासरी तीस-बत्तीसच्या घरात असते. मध्ये मध्ये थांबायचं, परत निघायचं. कोल्हापुरातला दाभोळकर कॉर्नर ते बिंदू चौक हा प्रवास त्या चाचणीत बरोबर बसतो. पुणे हायवेवरचा किणी टोलनाका ते खेड-शिवापूर टोलनाका बसत नाही.

म्हणून कोल्हापुरात कुणी विचारलं की हायब्रिड घेऊ, डिझेल घेऊ की साधी पेट्रोल, तर माझा उलटा प्रश्न असतो: सुट्टीत जाता कुठं? पुण्याला, की खाली कोकणात? हायब्रिडची मोठी बचत ब्रेकमध्ये आहे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिडमध्ये मोटर जनरेटरसारखी चालते, त्या वेगाची वीज होते आणि तीच पुढच्या पिकअपला वापरली जाते. ज्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, तिथं परत मिळवायला काही नसतं.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकू. माइल्ड हायब्रिड ही तुलनेपुरती पेट्रोल गाडीच समजा. ती सिग्नलला इंजिन बंद करते, निघताना थोडा हात लावते, पण नुसत्या मोटरवर चालत नाही. एकाच मॉडेलच्या जाहिरातीत दोन्ही प्रकार असतात, तेव्हा कोटेशन घेताना स्ट्राँग की माइल्ड हे लिहून घ्या.

पुणे हायवे

सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, बराचसा सपाट. इथं हायब्रिडची मोटर जवळजवळ रिकामी बसते. तरी गाडी पेट्रोलपेक्षा जास्त देते, कारण या गाड्यांचं इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं असतं: ताकद थोडी कमी, पण पेट्रोलमधली ऊर्जा जास्त कामी लावणारं. फरक असतो, पण शहरात दिसतो तेवढा डोळ्यांत भरत नाही. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर, विशेषतः कराडला अडकलात, तर हायब्रिड पुन्हा आपल्या रंगात येते. आपण वैतागलेले आणि गाडी खुशीत, असा तो प्रकार.

डिझेल इथली राणी आहे. एका लयीत, कमी आरपीएमवर, भरल्या गाडीत ती कुरकुरत नाही. रोज पुणे-कोल्हापूर-बेळगाव करणाऱ्या व्यापाऱ्याला मी डिझेल सोडा असं सांगणार नाही. फक्त तीच गाडी नंतर शाहूपुरी-राजारामपुरीत दोन-दोन किलोमीटर फिरवायची असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा) फिल्टर तुंबायचं लफडं मागे लागतं. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे.

हायवेवर हायब्रिडकडून जास्त काढायचं असेल तर पहिला उपाय रटाळ आहे: वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १०० वर गेलात की तो सुमारे २३ टक्के वाढतो, आणि २३० किलोमीटरला कागदावर वाचतात १५ मिनिटं. त्यातली निम्मी तासवडे आणि आनेवाडीच्या टोलवर जातात. छतावर कॅरियर लावून बॅगा बांधल्या असतील तर सगळं आणखी बिघडतं.

सपाट पट्ट्यात क्रूझ कंट्रोल लावा, पण परतीच्या वाटेवर खंबाटकी चढायच्या आधी बंद करा. नाहीतर चढावर वेग राखायला गाडी भसाभस पेट्रोल ओढते. पायानं चालवताना चढाला वेग पाचदहानं पडू द्यायचा, उताराला परत मिळतो.

होंडा सिटी हायब्रिड इथं वेगळी पडते. तिचं इंजिन एरवी बहुतेक वेळ वीज तयार करायचं काम करतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेच्या स्थिर वेगाला मात्र एक क्लच बसतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, म्हणजे मधला विजेचा फेरा वाचतो. सेडान असल्यानं वाराही कमी खाते. पण बॅटरीमुळे बूट, म्हणजे डिकी, ५०६ लिटरवरून ३०६ वर आलेला आहे, आणि कोकणातल्या वाडीकडे जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या चढावर पोट घासायची भीती राहतेच.

कोकणात उतरताना

आता आपला खरा रस्ता. गगनबावड्याहून करूळ, फोंडा, आंबा किंवा आजऱ्यावरून आंबोली, कुठूनही गेलात तरी आधी वळणावळणाचा गावरस्ता आणि मग घाट. गळीत हंगामात तर पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर ठरलेला. ओव्हरटेकला जागा नाही, समोरून एसटी येतेय, वेग वीसच्या आसपास. साधी पेट्रोल गाडी इथं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तेल जाळत राहते. हायब्रिडमध्ये ईव्हीचा, म्हणजे गाडी नुसत्या मोटरवर असल्याचा, हिरवा दिवा लागलेला असतो, इंजिन बंद, काच खाली केली तर ट्रॉलीच्या साखळ्यांचा आवाज ऐकू येतो. अशा रस्त्यावर हायब्रिडच्या जवळपास कुणी येत नाही.

घाटाचं गणित मात्र लोक चुकीचं धरतात. ‘उतारावर बॅटरी फुल होते, मग पुढं फुकट’ असं सर्रास ऐकू येतं. बघा: करूळ घाटात गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. माणसं-सामानासह दीड टन वजन धरलं तर दोन युनिट विजेएवढी ऊर्जा सुटते. टायर, वारा आणि मोटरचं नुकसान वजा करून एक युनिटभर हाती लागू शकते. पण हायरायडर-ग्रँड व्हिटाराची बॅटरी आहे पाऊण युनिटाची, आणि गाडी तीसुद्धा कधी पुरती रिकामी होऊ देत नाही की काठोकाठ भरू देत नाही. भरलेली बॅटरी घेऊन माथ्यावर पोचलात तर थोड्याच वळणांत जागा संपते आणि उरलेला घाट वाया जातो.

यावर साधा उपाय आहे. घाटाच्या आधीचा सपाट पट्टा आणि गगनबावड्याची बाजारपेठ हलक्या पायानं, जमेल तेवढी ईव्हीवर काढायची. पडद्यावरचे बॅटरीचे खण खाली आणून मग घाटात शिरायचं. उतरताना ब्रेक लवकर आणि हळू दाबायचा. मोटर एका मर्यादेपर्यंतच वीज गोळा करू शकते. वळण तोंडावर आल्यावर कचकन दाबलात तर उरलेलं काम नेहमीचे ब्रेक पॅड करतात आणि ती ऊर्जा गेलीच.

बॅटरी भरली की टोयोटाची यंत्रणा इंजिन नुसतं फिरवून गाडी धरते. आवाज चढतो आणि नवीन मालक घाबरतो. त्यात पेट्रोल जळत नाही. गिअर लिव्हरवरचं ‘बी’ ह्याच वेळेसाठी आहे, लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून. सपाटीवर ‘बी’ लावून जास्त चार्जिंग होईल ही समजूत सोडा. होंडा सिटीमध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी मोटरची पकड कमी-जास्त करता येते, घाटात ती सोय फार हाताशी येते.

आणि न्यूट्रल! जुन्या ड्रायव्हर मंडळींची घाटातली ही खोड जिवावर बेतणारी आहेच, पण हायब्रिडमध्ये तोट्याचीही आहे. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्जच होत नाही.

परत वर येताना चित्र उलटं. चार माणसं, एसी, डिकीत आंबे किंवा मासळीचा थर्माकोलचा डबा. बॅटरी घाटाच्या मध्यावरच दम सोडते आणि तीन सिलिंडरचं इंजिन एकटं घोंघावत राहतं. क्षणाचा मायलेज आकडा दहाच्या खाली गेला तर हादरू नका, जाऊन-येऊनचा हिशोब बघा. डिझेल याच चढावर जास्त आरामात येते, हेही खरं. माझं मत असं की महिन्यातनं एकदा घाट चढायचा असेल तर तो आवाज सोसावा. आठवड्याला कणकवली-सावंतवाडी करणाऱ्याने आधी मागच्या सीटवर बसून घाट चढून बघावा.

सीएनजीबद्दल एवढंच: किलोमीटरला स्वस्त, पण सिलिंडर बूट खातो, घाटात ताकद कमी पडते आणि पंपाच्या रांगेतली अर्धी सकाळ कुठल्या खात्यात टाकायची ते तुम्ही ठरवा.

पैशाचा हिशोब

पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरू. प्रत्यक्ष मायलेजही हिशोबापुरतं धरू: पुणे हायवेला माइल्ड हायब्रिड १८, स्ट्राँग २२, डिझेल २०. किलोमीटरला पडतात अनुक्रमे ५.८३, ४.७७ आणि ४.५५ रुपये. शहरात माइल्ड १२, स्ट्राँग २४, डिझेल १३. तिथं पडतात ८.७५, ४.३८ आणि ७ रुपये.

माइल्डपेक्षा स्ट्राँगला अडीच लाख जास्त मोजले असं समजा. फक्त पुणे हायवे करणाऱ्याचे ते पैसे सुमारे २ लाख ३५ हजार किलोमीटरनंतर वसूल होतील. शहर आणि उसाच्या हंगामातल्या गावरस्त्यांवर फिरणाऱ्याचे ५७ हजारांत. निम्मं-निम्मं असेल तर ९२ हजारांच्या आसपास. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी मारुती आणि टोयोटा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात. म्हणजे पहिल्या गटातल्या माणसाची वसुली व्हायच्या आधीच वॉरंटी संपलेली असेल. तुमच्या कोटेशनमधला खरा फरक आणि आजचा पंपावरचा दर घालून हेच गणित परत मांडा, पाच मिनिटांचं काम आहे.

मायलेज मोजताना पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होण्याचा पहिला कट लागेपर्यंत फुल, पुन्हा तिथंच फुल. ई-२० मुळे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लिटरमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमीच येते. आपल्याच कारखान्यांचा ऊस आपल्याच टाकीत, तक्रार कुणाकडे करायची!

दोन फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी. गाडी भरून निघताना टायरमध्ये भरल्या वजनाची हवा असावी, दाराच्या पट्टीवर तो आकडा वेगळा दिलेला असतो. आणि बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड ठेवणारी हवा आत घेणारी जाळी असते. ती कुठं आहे हे मॅन्युअलमध्ये बघा आणि तिच्यावर गाद्या-पिशव्या रचू नका. बॅटरी तापली की गाडी मोटरचा वापर कमी करते आणि मायलेज गुपचूप पडतं.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून आणतात. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. घरची तीन माणसं बसवा, एसी लावा आणि वाघबिळातून पन्हाळ्यावर चढवायला सांगा. चढताना आवाज ऐका, उतरताना बॅटरीचे खण कुठल्या वळणावर भरले ते बघा. नाही म्हणाले, तर दुसरं शोरूम आहेच.