पिल्लांचा तुरा कसा निघेल: कॅल्क्युलेटर बरा की पडताळ्याची जोडी?

गुलाब तुऱ्याचा (रुंद, चपटा, खडबडीत तुरा) देखणा कोंबडा हाती आला की पुढचा प्रश्न ठरलेलाच: हा तुरा पिल्लांत उतरेल का? उत्तर काढायच्या वाटा दोन. एक म्हणजे नेटवरचा जनुकांचा कॅल्क्युलेटर, किंवा वहीत काढलेला पनेटचा चौकोन (आईबापांच्या जनुकांच्या जोड्या मांडायचा तक्ता), हिशेब एकच. दुसरी म्हणजे पडताळ्याची जोडी: त्याला एकेरी तुऱ्याच्या (साधा, उभा, दातेरी तुरा) कोंबड्यांवर सोडायचं आणि पिल्लं बघायची. मी दोन्ही वापरतो.

कॅल्क्युलेटर खरा कामाला येतो तो कडकनाथाच्या संकरात. तिथला काळेपणा प्रभावी आहे, म्हणजे जनुकाची एकच प्रत असली तरी दिसतो; पण त्याला दाबणारा जनुक झेड या लिंग-गुणसूत्रावर असतो (नरात ते दोन, मादीत एकच), म्हणून नर कुठल्या बाजूचा घेतला यावर सगळं फिरतं. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची गावठी कोंबडी घेतली, तर साधारणपणे माद्या काळ्या आणि नर उजळ निघतात. कोंबडा गावठी घेतला आणि त्याच्यात तो दाबणारा जनुक दुहेरी असला, तर माद्याही उजळच. बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी हे कोडं 1911 मध्ये सिल्की या काळ्या कातडीच्या जातीवर मांडलं होतं. असली गुंतागुंत नुसत्या नजरेने उलगडत नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. कॅल्क्युलेटर सुरुवातीलाच विचारतो: कोंबडा शुद्ध (जनुकाच्या दोन्ही प्रती गुलाब तुऱ्याच्या) की मिश्र (एक गुलाब, एक एकेरी)? बाजारातून आणलेल्या पक्ष्याचं कूळ कुणाला माहीत? गुलाब तुरा एकेरीवर प्रभावी असल्यामुळे दोन्ही कोंबडे सारखेच दिसतात. शुद्ध निवडलं तर एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांपासून सगळी पिल्लं गुलाब तुऱ्याची येतील म्हणतो, मिश्र निवडलं तर निम्मी. म्हणजे जे जाणून घ्यायचं, तेच आधी भरायचं! मला हे दरवेळी खटकतं, आणि माझा कौल तिथेच ठरला.

पडताळ्याच्या जोडीत एक जरी पिल्लू एकेरी तुऱ्याचं निघालं, तरी कोंबडा नक्की मिश्र. सातही पिल्लं गुलाब तुऱ्याची निघाली, तर तो मिश्र असूनही असं घडण्याची शक्यता 128 मध्ये एकच. एका खुडूक कोंबडीखाली एवढी अंडी सहज बसतात.

वेळ मात्र जातो. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून तिला आधी तेवढे दिवस वेगळी ठेवावी लागते; नाहीतर पिल्लं कुणाची हेच कळणार नाही. त्यावर उबवणीचे 21 दिवस. घाई असेल त्याला हे जड जाईल, हे मान्य.

उघड्या मानेच्या कोंबड्यांना यातलं काहीच लागत नाही. मान साफ उघडी असेल तर पक्षी बहुधा शुद्ध, गळ्यावर पुढे पिसांचा झुपका असेल तर मिश्र, नजरेनेच भागतं.

तुमच्याकडे कूळ माहीत असलेले पक्षी असतील, तर कॅल्क्युलेटर पुरेसा ठरावा. गावठी, मिसळलेला कळप असेल, तर मी आधी पडताळा घेईन आणि त्यातून कळलेलं मग कॅल्क्युलेटरमध्ये भरेन. पडताळ्याला कोंबडी मात्र एकेरी तुऱ्याचीच हवी. दोन्हीकडे गुलाब तुरा असेल तर मिश्र कोंबडासुद्धा बराच काळ शुद्ध वाटत राहतो.